ठाणे-नवी मुंबईत तुम्ही पुन्हा पुन्हा जाता ती जागा सांगा, वेळेसकट

मासुंदाकाठ

नमस्कार मंडळी. माझी थोरली बहीण नागपूरहून गौरी-गणपतीला येते आहे, आणि सर्वपित्री झाल्यावरच परत जाणार आहे. लग्न होईपर्यंत ती नौपाड्यातच वाढली, त्यामुळे तिला ठाणे 'दाखवायचं' नाहीये, तिला ते परत भेटायचंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर हळूहळू एखाद किलोमीटर चालते, जिने टाळते. मॉलमध्ये तिला काडीचा रस नाही. फोनवर म्हणाली, "रोज एक जुनी वास्तू आणि एक झाडापाण्याची जागा, एवढंच दे मला."

माझी यादी तयार आहे, पण त्या सगळ्या माझ्याच पायाखालच्या वाटा. म्हणून तुम्हाला विचारते. फक्त एक विनंती: नुसतं नाव देऊ नका, कधी जायचं तेही सांगा. कुठला महिना, दिवसाची कुठली वेळ. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यातून पक्कं झालेलं मत आहे की वेळ चुकली तर चांगल्या जागेतही काही दिसत नाही.

आधी माझं सांगते. तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, सकाळी साडेसहाच्या आत. संध्याकाळी गाड्या आणि भेळेच्या रांगांत पाणीच दिसत नाही. सकाळी मासुंद्याला एक फेरी घातली की कौपिनेश्वर, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि गडकरी रंगायतन असे ठाण्याचे तीन काळ एकाच वाटेवर भेटतात. शिलाहारांच्या वेळी हे गाव श्रीस्थानक, त्यांची राजधानी. कौपिनेश्वराचं मूळ त्या काळातलं. आज दिसतं ते देऊळ पेशवाईतलं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी 1760 च्या सुमारास उभारलेलं. पिंडी केवढी मोठी आहे ते गाभाऱ्यात शिरेपर्यंत कळत नाही. सकाळी अभिषेकाच्या पाण्याने फरशी ओली असते, बेलाचा वास कोंदलेला असतो, आणि गर्दी नसल्यामुळे कोणी "चला पुढे" म्हणत नाही. श्रावणी सोमवार मात्र टाळावा. पाण्याच्या कडेलाच चर्च आहे, तिथली परंपरा 1582 पासूनची, म्हणजे पोर्तुगीज अमलातली. आणि गडकरी रंगायतन 1978 चं. ताईने तिथे पाहिलेल्या नाटकांची यादी ती अजून तोंडपाठ सांगते, नटांसकट.

दुसरी जागा बऱ्याच जणांना निसर्गाची वाटणार नाही. जांभळी नाक्याचा बाजार, हरितालिकेच्या पहाटे. येऊरच्या नि आसपासच्या पाड्यांवरच्या बायका रात्रीच येऊन बसलेल्या असतात. आघाडा, दुर्वा, शमी, मरवा अशी पत्री केळीच्या सोपात बांधलेली. ऋषीच्या भाजीसाठी करटुली, अळू, माठ, सुरणाचे तुकडे, शिराळी, मक्याची कणसं. गौरींच्या आवाहनाच्या आदल्या दिवशी तेरड्याच्या जुड्या येतात, गुलाबी-जांभळ्या फुलांच्या, मुळांना माती तशीच लागलेली. आमच्याकडे तेरड्याचीच गौर असते, त्यामुळे आई मुळं बघून जुडी निवडायची: मुळं पांढरी आणि पूर्ण हवीत, तुटलेली नकोत. जूनच्या सुरुवातीला याच बायका शेवळं ही रानभाजी आणतात, आणि त्याबरोबर न मागता मूठभर काकडं, म्हणजे काकडाची आंबट फळं, टाकतात, कारण त्याशिवाय शेवळांची खाज जात नाही. डोंगरात कुठल्या आठवड्यात काय उगवलंय ते मला या बाजारात कळतं, आणि ताईला डोंगर चढावा लागत नाही.

तिसरी जागा म्हणजे मराठी ग्रंथसंग्रहालय. वि. ल. भाव्यांनी 1893 साली सुरू केलेलं. दुपारी, उन्हाच्या वेळी.

आता तुमचं येऊ द्या.

टेंभीनाकेकर

बाई, ताईंना रविवारी सकाळी नऊच्या आत आमच्याकडे घेऊन या. कोर्ट-कचेऱ्या बंद असतात, रस्ता मोकळा मिळतो. टेंभी नाक्याच्या छोट्याशा टापूत जैन मंदिर, अठराव्या शतकातली पारशी अग्यारी आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला बेने इस्रायलांचं सिनेगॉग आहे, शआर हाशामाईम, 1879 सालचं. अग्यारी बाहेरूनच बघायची, आत फक्त पारशी जातात. सिनेगॉगमध्ये आधी विचारून, परवानगीने. माझ्या वर्गात बेने इस्रायल मुलं होती, घरी आपल्यासारखंच मराठी बोलायची. त्यांच्याकडचा मलिदा, भिजवलेले गोड पोहे, खवलेला नारळ, वर फळं, अजून जिभेवर आहे. त्यांचं नवीन वर्ष बहुतेक सप्टेंबरातच येतं, तेव्हा ताईंच्या मुक्कामात जमू शकेल.

तिथून जेलच्या तटाकडे या. आत जाता येत नाही, फोटोही काढू नका. पण पावसाळ्याच्या शेवटी त्या काळ्या तटावर शेवाळ नि गवत माजलेलं असतं, ते बघत सावकाश चाला. हा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, पुरा होण्याआधीच 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनावरून इथेच कोंडलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे शिपाई ठेवले. एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणायचा, आणि त्या गाण्यांतच सुटकेचा बेत सांगितलेला असायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी निसटले. पुढे 1825 साली बिशप रेजिनल्ड हेबर ठाण्यात आले, जवळच्या सेंट जेम्स चर्चचं पवित्रीकरण त्यांच्या हातून झालं, आणि त्यांनीही ही हकीकत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. तट आणि ते चर्च एकाच फेरीत बघावं असं मी म्हणतो ते यासाठी.

पण मी स्वतः दरवर्षी तिथे जातो ती तारीख वेगळी. 19 एप्रिल. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 1910 साली याच तुरुंगात फाशी दिली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. त्याच्याही आधी, 2 मे 1848 ला, इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे इथेच फासावर गेले. माझे वडील मला बोट धरून न्यायचे, आता मी नातवाला नेतो. त्याला अजून सगळं समजत नाही, पण नावं तीनही येतात.

चौकातली

मी बेलापूरची, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वाढलेली. लग्नानंतर वाशीला गेले, तरी पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी तिथे जातेच. आई-बाबा तिथेच आहेत हे कारण आहे, पण तेवढंच नाही.

ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआंनी सिडकोसाठी 1983 ते 86 मध्ये केली. नवी मुंबईची कल्पना ज्या तिघांनी 1965 मध्ये मांडली त्यातले ते एक, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता हे दुसरे दोघं. रचना समजून घेऊन बघितली तरच मजा आहे, म्हणून सविस्तर सांगते. सात घरं, मधे साधारण आठ मीटर लांब-रुंद चौक. असे तीन चौक मिळून एकवीस घरं, आणि त्यांच्यामध्ये आणखी मोठा, बाराएक मीटरचा मोकळा चौक. तसेच पुढे जोडत जोडत ओढ्यापर्यंत. प्लॉट 45 ते 75 चौरस मीटरचे. म्हणजे सगळ्यात स्वस्त घर घेणाऱ्याला आणि सगळ्यात महाग घेणाऱ्याला जमिनीत फार फरक ठेवलेला नाही. घराच्या किमतीत मात्र कितीतरी पट फरक होता. आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, का तर प्रत्येकाला ऐपत येईल तसं आपलं घर वाढवता यावं.

आम्ही राहायला आलो तेव्हा खाली एक खोली, स्वयंपाकघर, वर कौलं. काही वर्षांनी बाबांनी वर खोली चढवायची ठरवली. नकाशा काढायला कोणी नव्हतं, गवंडीमामा आणि बाबा, दोघांनी भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या. जिना आधी चौकाच्या बाजूने येणार होता. समोरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, माझ्या तुळशीचं ऊन जाईल हो." बाबांनी रेघा पुसल्या आणि जिना मागच्या बाजूला घेतला, वळण अवघड झालं तरी. आजही त्या जिन्यावर कपाट चढत नाही. काकूंची तुळस आहे तिथेच आहे.

वेळ: जुलै ते सप्टेंबर, आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी तीननंतर, आदल्या रात्री पाऊस झालेला असेल तर उत्तम. पारसिकच्या डोंगरावरून पाणी उतरतं, ओढ्याचा आवाज घरात येतो. शनिवार-रविवारी धबधब्यासाठी बाहेरून इतकी माणसं येतात की जाऊ नये.

टी_स्क्वेअर

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला कॉलेजने आर्टिस्ट व्हिलेज बघायला नेलं होतं. पुस्तकातले फोटो बघून गेलो, आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं. तीन-तीन मजली आरसीसी, टाइल्स लावलेल्या भिंती, बाहेरून लोखंडी जिने, ग्रिल. मूळ कौलारू घरं शोधावी लागली. एवढ्या मोठ्या वास्तुरचनाकाराचं काम, ते आहे तसं जपायला नको होतं का?

चौकातली

टी_स्क्वेअर, तुमचं वाईट वाटणं मला समजतं, पण मी सहमत नाही. घरं वाढावीत म्हणूनच तर भिंती सुट्या ठेवल्या. ज्या कुटुंबात आमच्यासारखी दोन मुलं झाली, आजी गावाहून राहायला आली, त्यांनी वीस-बावीस फुटांत कौलांखाली कायमचं राहावं असं खुद्द आराखड्यातही म्हटलेलं नाही. घर वाढलं याचं मला दुःख होत नाही.

मला दुःख होतं ते चौकात चारचाकी उभी राहते तेव्हा. किंवा कोणी ओटा चार फूट पुढे घेतं, त्यावर पत्रा टाकतं, मग पत्र्याखाली सामान येतं. चौक एकदा गेला की सात घरांचं एकमेकांशी नातं उरत नाही, मग कौलं राहिली काय नि गेली काय. आमच्या चौकात हा विषय निघाला की अजून भांडणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पुढच्या वेळी घरांचे फोटो काढू नका. टेप घेऊन या आणि चौक मोजा. किती शिल्लक आहेत ते बघा. आमच्याकडे चहा घ्या.

टी_स्क्वेअर

या बाजूने विचार केला नव्हता. प्रोजेक्टचा विषय अजून ठरायचा आहे. सरांना विचारून चौक मोजायला नक्की येतो.

भांगाची_भरती

ऐरोलीकर, मूळचा दिवा कोळीवाड्यातला. वेळेचं विचारलंत म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे वेळ कळल्याशिवाय घराबाहेर पाय निघत नाही.

पहिलं म्हणजे, ताईंना फ्लेमिंगो दाखवायचा बेत असेल तर सप्टेंबरात तो जमणार नाही. रोहित, म्हणजे हेच फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात, संख्या वाढते थंडी सरताना, आणि पावसाच्या आधी जातात. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, जवळपास 1,700 हेक्टर. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, पण तिची वेळ रोज बदलते, ती पाणी ठरवतं. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात बसेल. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पक्ष्यांना खायला मिळत नाही, मग ते उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात. म्हणजे बोटीला भरतीचं पाणी हवं आणि पक्ष्यांना उघडा चिखल. ही दोन्ही जुळतात ती वेळ थोडीच असते, आणि तेवढ्यासाठीच जायचं.

आमची म्हातारी माणसं कॅलेंडर बघून सांगायची. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरती तेवढ्या वाजता. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण असतं, पाणी खूप चढतं नि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार हलत नाही. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या तोंडाचा. खाडीत आत ठाण्याकडे पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तो धरायचा. दीड दिवसाच्या गणपतीला पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती. अनंत चतुर्दशीला साडेदहाला. गणपती न्यायची वेळ आमच्या गावात आजही याच हिशोबाने ठरते.

सप्टेंबरात यायचंच तर तिवरांसाठी या. ऐरोलीच्या केंद्रात सपाट वाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. ओहोटीला या, भरतीला नको. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर उंचीची मुळं सरळ वर आलेली दिसतात, शेकड्यांनी. श्वासासाठी असतात ती, कारण खालच्या चिखलात हवा नाही. त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारत असतो, मासा असून चिखलावर चालणारा. एका जागी दहा मिनिटं न हलता उभं राहिलात की खेकडेही बिळातून वर येतात, एक नांगी मोठी लाल, दुसरी बारीक. लहानपणी आम्ही त्यांना बघत शाळा चुकवायचो. खाडीत तेव्हा जिताडा आणि बोय मिळायचे, आता जाळ्यात मासा कमी आणि प्लास्टिक जास्त येतं. तिवरं मात्र अजून उभी आहेत, ती बघायला लोकांनी यावं असं मला मनापासून वाटतं.

येऊर_पायथा

उपवन तलाव सुचवतो, संध्याकाळी पाच ते सहा. कठड्याशी बसून समोर डोंगर, काठाने सपाट चालणं. येऊरला वर जायचं असेल तर सकाळी गेट उघडल्यावर, आणि अंधाराच्या आत खाली. बिबट्याचं घर आहे ते, तिथे रात्री गाणी लावून जेवणावळी करणाऱ्यांबद्दल मला काही चांगलं बोलता येणार नाही. मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आधी नवरंग पक्षी येतो. दोन स्वरांची शीळ, पहाटे आणि तिन्हीसांजेला. पक्षी दिसायला कठीण, पानांच्या कचऱ्यात उड्या मारत असतो, पण शीळ पायथ्यापर्यंत ऐकू येते. सप्टेंबरपर्यंत तो बराचसा गप्प होतो. कारवी फुलली तर बघायलाच हवी, पण ती सात-आठ वर्षांनी एकदा.

मासुंदाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. ताईला फोनवर वाचून दाखवलं. मोतद्दाराची गोष्ट तिला शाळेपासून ठाऊक होती, पण तो तट आपल्याच रस्त्यावरचा हे मनात कधी जोडलंच नव्हतं म्हणाली. कान्हेऱ्यांचं वाचताना मात्र दोघी गप्प झालो.

ठरलेलं असं: हरितालिकेच्या पहाटे जांभळी नाका, तिथूनच तलावपाळी. गौरी गेल्यावरच्या रविवारी टेंभी नाका आणि तट, मग मामलेदारची मिसळ, ताईचा हट्ट आहे. पितृपक्षात एक दिवस ऐरोलीची तिवरं. भांगाची_भरती, तुमच्या हिशोबाने अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास, खाडीत आत थोडी पुढे. अष्टमीला साडेबारा-एक धरते, बरोबर ना? एक दिवस उपवन. आणि फेब्रुवारीत तिला फ्लेमिंगोसाठी परत बोलावणार, तिकीट आत्ताच काढायला सांगितलंय.

चौकातली, तुमच्याकडे यायचं पक्कं. दोन गोष्टी सांगा. गाडी कुठपर्यंत येते, आणि ताईला पायऱ्या किती?

भांगाची_भरती

बरोबर बाई. फक्त अष्टमीला भांग असल्यामुळे पाणी पूर्ण उतरणार नाही, मुळं थोडीच उघडी पडतील. त्यापेक्षा एकादशी-द्वादशीला या. द्वादशीला भरती नऊला, ओहोटी तीनच्या पुढे. केंद्र किती वाजता बंद होतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. बोट नको असली तरी तिकीट लागतं. टोपी आणि पाणी आणा, वाटेवर सावली कमी आहे.

चौकातली

गाडी मोठ्या रस्त्यालाच लावा, चौकात आणू नका (तुम्ही आणणार नाहीच, पण ड्रायव्हर म्हणेल "आत जाते"). तिथून आमच्या चौकापर्यंत ताई सहज चालतील, उतार अगदी थोडा आहे. घराला दोन पायऱ्या, कठडा आहे. ओढ्याकडची वाट पावसात निसरडी असते, तिकडे नेऊ नका, आमच्या मागच्या दारातून ओढा दिसतो. आईला सांगून ठेवते. ताई गोड खातात का, आणि मधुमेह वगैरे नाही ना? पितृपक्षात आमच्याकडे रोज खीर असते.